आई गं

२०२३ च्या फेब्रुवारीत मी इथे आईवर एक लेख लिहिला होता, आठवत असेल. पंच्याऐंशी वर्षांची माझी आई रोज सकाळी आपल्या आईला हाका मारते, असं त्यात होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी "डोळे पाणावले" असं कळवलं. मामाने फोन केला आणि अर्धा तास बोलला, त्यातली दहा मिनिटं नुसता रडत होता. नाशिकच्या मावसबहिणीने तो लेख छापून फ्रेम करून घेतला, असंही कानावर आलं.

तो लेख चुकीचा होता.

खोटा नव्हता. मला तेव्हा तसंच वाटत होतं. पण आई तिच्या आईला बोलावत नव्हती. तिच्या पाठीचा मणका दबला होता आणि ती कळवळत होती. आणि हे जिला तीन आठवडे कळलं नाही ती बाई, म्हणजे मी, चाळीस वर्षं नर्स आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये आई गेली. तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणते आणि टाळते. आज लिहितेच. जरा लांबेल, कारण आधी थोडं आमच्या कामाबद्दल सांगावं लागेल.

मी १९८० साली मुंबईत नर्सिंगला आले. पुढची बहुतेक वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात गेली, त्यातही जास्त काळ ऑर्थोपेडिक वॉर्डात. हाडांचा वॉर्ड म्हणजे दुखण्याचं माहेरघर. तिथे रोजचा प्रश्न एकच, किती दुखतंय? पुस्तकात शून्य ते दहाची पट्टी असते. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. पण कोकणातून नाहीतर घाटावरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना "दहापैकी किती?" विचारलं की ती आमच्याच तोंडाकडे बघत राहायची. मग एका सीनियर सिस्टरनी युक्ती शिकवली. रुपयात विचारायचं. "आजोबा, काल सोळा आणे दुखत होतं, आज किती आणे?" "आज बारा आणे हाय, सिस्टर." इंजेक्शन देऊन तासाभराने परत जायचं. "आता?" "चार आणे ऱ्हायलं." इतकं चोख उत्तर दहाच्या पट्टीने मला कधी मिळालं नाही. (१९५७ मध्ये नवे पैसे आले आणि आणे गेले. दुखणं मात्र पुढे कित्येक वर्षं जुन्याच नाण्यांत मोजलं जायचं.)

आणि आपल्याकडे त्यासाठी शब्द तरी किती! कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, पोटरीत गोळा येतो, पोटात मुरडा येतो, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, काटा सलतो, पायाला मुंग्या येतात, हाताला रग लागते. हे सगळे वेगवेगळे आहेत हे पेशंटलाही माहीत असतं आणि नर्सलाही. ठणका म्हटला की आत पू झालाय का ते बघायचं. पाठीतून पायात चमक म्हटली की शीर दबली असेल. प्लास्टरच्या आत मुंग्या म्हटल्या की हातातलं काम टाकून आधी प्लास्टर घट्ट झालंय का ते बघायचं, बाकी सगळं नंतर. अर्धं काम पेशंटच्या शब्दांनीच झालेलं असतं.

मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सने १९६८ साली एक गोष्ट ठामपणे मांडली आणि ती पुढे नर्सिंगच्या वर्गांत जगभर शिकवली गेली. दुखणं आहे की नाही आणि किती आहे, हे ज्याला दुखतंय त्यानेच सांगायचं आणि आपण ते मानायचं. आज हे अगदी साधं वाटतं. पण "एवढं काय ओरडायचं त्यात" म्हणणारे डॉक्टर आणि सिस्टर मी पुष्कळ पाहिलेत. तरुणपणी मीही म्हटलंय.

मात्र सांगणाऱ्याचे शब्दच गेले तर काय करायचं, हा प्रश्न माझ्यापुढे नोकरीत कधी नीट आलाच नाही. वॉर्डात असे पेशंट यायचे, खुब्याचं हाड मोडलेले, भ्रमात असलेले. "डिसओरिएंटेड" असं केसपेपरवर लिहून आम्ही पुढच्या खाटेकडे जायचो. त्यांनी मागितलं नाही की इंजेक्शन दिलं जायचं नाही. आता हे लिहिताना पोटात कसंसंच होतं.

आईला २०१६ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. पहिली चार वर्षं दादा-वहिनीने सांभाळलं. २०२० मध्ये मी रिटायर होऊन पुण्यात आले आणि आईला माझ्याकडे आणलं. घरात बसवेना, शिवाय तिच्या आजारातलं काही शिकता येईल, म्हणून विस्मरणाचे रुग्ण राहतात अशा एका निवासात मी दिवसपाळी धरली. घरी आईपाशी ब्युरोच्या मावशी असायच्या.

निवासातल्या पहिल्याच महिन्यात माझी मिजास उतरली. तिथे एक निवृत्त मास्तर होते. दिवसभर शांत, आणि सकाळी कपडे घालताना मारायला धावायचे. फाईलवर 'आक्रमक' असं लिहिलेलं होतं. मीही दोन दिवस चापट्या खाऊन तेच म्हटलं. तिथल्या इन्चार्ज सिस्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, "मॅडम, कुठल्या क्षणी मारतात ते बघा ना." बघितलं. डावा हात बाहीत घालताना. खांदा आखडलेला होता, हात खांद्याच्या वर जातच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून शर्ट घालताना डावा हात पहिला आणि काढताना डावा शेवटी. आंघोळीच्या आधी तासभर पॅरासिटामॉल. मास्तर आम्हाला नमस्कार करायला लागले.

तेव्हा तिथे शिकले ते असं. ज्यांना थोडंफार बोलता येतं त्यांना विचारायचंच. "त्यांना काय कळतंय" हे वाक्य त्या निवासात वर्ज्य होतं. फक्त विचारण्याची रीत बदलते. "रात्री दुखलं का?" याचा उपयोग नाही, रात्र त्यांच्या हातातून निसटलेली असते. "आत्ता दुखतंय?" असं, गुडघ्यावर हात ठेवून विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. अर्धं मिनिट तरी. करून बघा, अर्धं मिनिट गप्प बसणं किती जड जातं ते. आणि शब्द बदलून बघायचे. एक आजी "दुखतंय का?" ला ठाम नाही म्हणायच्या आणि "ठसठसतंय का?" ला लगेच हो.

ज्यांचे शब्द पूर्ण गेलेत त्यांच्यासाठी पेनॅड नावाची एक पट्टी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला माजी सैनिकांचं रुग्णालय आहे, तिथल्या मंडळींनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. मी मावशी लोकांसाठी त्याचं घरगुती मराठी केलं होतं. श्वास, आवाज, चेहरा, अंग, समजूत. श्वास जड होतोय का, धाप लागते का. कण्हणं आहे, पुटपुटणं आहे की ओरडणं. कपाळाला आठ्या, भेदरलेले डोळे, वाकडं झालेलं तोंड. अंग सैल आहे की आखडलेलं, मुठी आवळल्यात का, गुडघे पोटाशी घेतलेत का, हात ढकलतात का. आणि शेवटचं, समजूत घातली, हात धरला तर शांत होतात की कशानेच होत नाहीत.

बेरीज शून्य ते दहा. पण हे दहा आणि वॉर्डातले दहा एक नव्हेत, हे नव्या मुलींना बजावून सांगावं लागतं. आठ आले म्हणजे रुपयात बारा-तेरा आणे दुखतंय असं नाही. इतकंच, की हे माणूस सुखात नाही, शोध घे. मग डोक्यापासून पायापर्यंत शोध. तोंडात कवळीखाली फोड आहे का, कानात काही, पोट फुगलंय का, शौचाला कधी झालं, लघवी तुंबलीय का, माकडहाडाशी त्वचा लाल झालीय का, पायाची नखं वाढून मांसात रुतलीत का. एक आजी आठ दिवस ताट ढकलत होत्या, सगळे म्हणाले आता जेवणाचंही विसरल्या. कवळी काढली तर खाली हिरडीला जखम होती.

काही वेळा दुखणं नसतंच. आमच्याकडे एक एसटीतले कंडक्टर होते. संध्याकाळी पाच वाजले की येरझारा, हाका, मुठी. पट्टीवर चार-पाच यायचे. सगळं तपासलं, पॅरासिटामॉल देऊन पाहिलं, काही फरक नाही. एके दिवशी एका मुलीने सहज त्यांच्या खांद्याला चामड्याची बॅग अडकवली. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले, गाडी सुटली असणार. :)

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी स्वतः नव्या मुलींना फळ्यावर लिहून दाखवायचे. पेशंट पडून असताना पट्टी भरू नका. कूस बदलताना, उठवताना, कपडे घालताना भरा. पडलेल्या माणसाचं मोडकं हाडही गप्प असतं.

आता आईचं.

आईची आई बाळंतपणात गेली तेव्हा आई नऊ वर्षांची होती. १९४७ साल. मामा दीड वर्षाचा. आईने त्याला कडेवर वाढवलं. हे आमच्या घरातलं रामायण, आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे जानेवारी २०२३ च्या शेवटी आई सकाळी "आई, आई गं" असं ओरडायला लागली, तेव्हा कोणालाच विचार करावा लागला नाही. तिला आई आठवतेय. आयुष्यभर ज्या बाईने आईचं नाव काढलं नाही तिला शेवटी आईच हवीय. दादा म्हणाला, मामा म्हणाला, मी म्हटलं. आणि डिमेन्शियात म्हातारी माणसं आपल्या आईबापांना शोधतात हेही खरंच आहे, निवासात रोज बघत होते. म्हणजे अनुभवाचाही दाखला मिळाला. मग मी तो लेख लिहिला.

मावशी सकाळी आठला आंघोळ घालायच्या, तेव्हा मी कामावर. रविवारी मात्र घरीच असायचे, स्वयंपाकघरात. तिथे आवाज यायचा. "आई गं... आई..." मी फोडणी देता देता ऐकायचे आणि खरं सांगते, मला भरून यायचं. पोळ्या झाल्या की हात धुऊन आईपाशी जायचे. तोवर मावशींनी तिला उशांना टेकवून निजवलेलं असायचं. मी हात हातात घ्यायचे, ती शांत व्हायची. मला वाटायचं, बघा, समजूत पटते. मी हात धरते तेव्हा कोणी तिला हलवत नसतं, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

मावशी दोनदा बोलल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "ताई, आजींना बसवताना लई तरास व्हतो बघा." मी म्हटलं, "मावशी, त्यांना त्यांची आई आठवते." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "ताई, पडून अस्त्यात तवा न्हाई हाका मारत. उठवलं की मारत्यात." फळ्यावर मी जे लिहायचे तेच वाक्य, मराठीत, माझ्याच घरात. मी काय केलं? त्यांना समजावून सांगितलं, डिमेन्शियात असं होतं म्हणून. जरा मोठेपणानेच सांगितलं. त्या गप्प बसल्या. ब्युरोकडून आलेली सातवी शिकलेली बाई आणि चाळीस वर्षांची सिस्टर, कोण बोलणार पुढे?

मग आई मावशींना चावली. जेवण कमी झालं, रात्री जाग वाढली. मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, फार चिडचिड वाढलीय, काहीतरी द्या. डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठे दुखत वगैरे नाही ना? मी सांगितलं, नाही, मी बघितलंय. त्यांनी क्वेटियापिनची अर्धी गोळी रात्री द्यायला सांगितली. त्यांचा काही दोष नाही, नर्स मुलगीच सांगतेय म्हटल्यावर त्यांनी विश्वास ठेवला. या जातीच्या औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. हेही मला माहीत होतं. कधीकधी ती द्यावी लागतात, पण आधी दुखणं नाही ना ते तपासून. आई पेंगायला लागली. ओरडणं थोडं कमी झालं. "बरं वाटतंय आता," असं मी मामाला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात मावशींच्या गावची जत्रा आली. त्या दोन दिवस नव्हत्या. पहिल्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी आईला उठवायला गेले. एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली, आयुष्यभर केलेलं काम. पंचेचाळीस अंशांपर्यंत आली असेल. तिचा श्वास अडकला. कपाळ आक्रसलं, डोळे घट्ट मिटले, माझ्या दंडात बोटं रुतली. आणि मग तो आवाज आला. "आई गं!"

त्या क्षणी तिची आई कुठेच नव्हती त्यात. आपण सगळेच म्हणतो ते. पायाला ठेच लागली, बोट दारात चेमटलं, बाळंतपणाच्या कळा आल्या, मराठी माणूस काय म्हणतो? वॉर्डातली सगळी माणसं तेच म्हणायची, ज्यांच्या आया जिवंत होत्या तीही आणि नव्हत्या तीही. दिवसातून शंभरदा ऐकलेला शब्द. माझ्या आईच्या तोंडून आला तेव्हा मात्र मी त्यात अख्खी गोष्ट ऐकली.

मी तिला अलगद परत निजवलं. मग एका अंगावर वळवून पाठीवरून बोट फिरवत गेले, मणक्या-मणक्यावर हलका दाब देत. बरगड्या संपतात तिथे दाबलं आणि ती पुन्हा आक्रसली. ती कुठे पडली नव्हती. पण त्या वयातल्या ठिसूळ हाडाला पडावं लागत नाही, कमोडवर धपकन बसलं तरी पुरतं, हे मी ऑर्थो वॉर्डात किती वेळा सांगितलं असेल नातेवाइकांना.

डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. घरी येऊन एक्स-रे काढणारे आता मिळतात. पाठीचा बारावा मणका पुढून पाचरीसारखा दबलेला होता.

उपचार म्हणाल तर काही थोर नव्हते. पॅरासिटामॉल, पण 'दुखलं तर द्या' असं नव्हे. मागू न शकणाऱ्या माणसाला 'मागितलं तर' औषध म्हणजे औषध नसल्यासारखंच. ठरलेल्या वेळी, दिवसातून चारदा पाचशे मिलिग्रॅम. आईचं वजन एक्केचाळीस किलो होतं, म्हणून डॉक्टरांनी त्याहून जास्त नको म्हटलं. मूत्रपिंडाची काळजी म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वर्ज्य. सकाळचा डोस आंघोळीच्या तासभर आधी. काही आठवडे बसवून आंघोळ बंद, पलंगावरच अंग पुसायचं. कुशीवर वळवताना खांदा आणि कंबर एकदम, ओंडका वळवतात तसं, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी नको, भाजलं तरी ती सांगणार नाही. पुढे हाडांसाठीचं औषध सुरू झालं ते वेगळं.

कालनिर्णयच्या चौकोनात मी पेनॅडचे आकडे लिहायला लागले, सकाळी हलवतानाचा आकडा. पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशीही सात. मी हवालदिल. तोवर मावशी जत्रेहून परतल्या होत्या. त्यांनी आईच्या गालात बोट घालून अर्धवट विरघळलेली गोळी काढून दाखवली. "ह्या गिळतच न्हाईत, ताई." मग लहान मुलांचं सिरप आणलं, दहा मिली. पाचव्या दिवशी चार. आठवड्याभरात दोन-तीन. मग डॉक्टरांना विचारून क्वेटियापिन बंद केलं. आई खायला लागली. चावणं थांबलं. आजार होता तिथेच होता, मला ती तेव्हाही वहिनीच समजायची, पण तो ओरडा गेला.

ते आकडे लिहायला मी मावशींना शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, त्यांना सगळं आधीच दिसत होतं, फक्त कागदावर कसं मांडायचं ते दाखवलं. माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, ताई, तुमाला वाटलं तसं." यावर काय बोलायचं मला सुचलं नाही.

नंतर बरंच वाचत बसले. न्यूयॉर्कमध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांची पाहणी झाली होती, २००० साली छापून आलेली. दोघांचंही हाड तेच, पण बुद्धी शाबूत असलेल्यांना मॉर्फिनच्या जातीची जेवढी औषधं मिळाली त्याच्या एक तृतीयांशच डिमेन्शिया झालेल्यांना मिळाली. वाचताना आमचा वॉर्ड डोळ्यांपुढे आला, आणि केसपेपरवरचं ते "डिसओरिएंटेड". नॉर्वेत अठरा नर्सिंग होममधल्या ३५२ लोकांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. अस्वस्थ, चिडणाऱ्या डिमेन्शिया रुग्णांपैकी काहींना आठ आठवडे ठरलेल्या वेळी, पायरीपायरीने वेदनाशामक दिलं. बऱ्याच जणांना साधं पॅरासिटामॉलच. त्यांचा अस्वस्थपणा सरासरी सतरा टक्क्यांनी उतरला. सतरा टक्के ऐकायला थोडे वाटतात. माझ्या घरात त्याचा अर्थ मावशींच्या मनगटावरचे दात असा होता.

मामा, तू हे वाचशील. तुला फोनवर कधी सांगता आलं नाही, कारण त्या लेखाने तुला बरं वाटलं होतं आणि ते काढून घ्यावंसं वाटेना. नाशिकची फ्रेम काढायची की ठेवायची ते नाशिककरांनी ठरवावं. आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना एवढीच विनंती, जो त्यांना आंघोळ घालतो त्याला आज संध्याकाळी विचारा, कुठे हात लावला की ओरडतात. त्याला नक्की माहीत असेल.

एक राहिलंच. पुढे त्याच वर्षी, गणपतीच्या आसपास, दुपारी मी आईपाशी पेपर वाचत बसले होते. ती दाराकडे बघत होती. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई कुठाय?" मी पेपर खाली ठेवला आणि आधी तिचं कपाळ पाहिलं, मग मुठी, मग श्वास. काही नव्हतं. उजवीकडे वळवून पाहिलं, डावीकडे वळवून पाहिलं. काही नाही.

"गावाला गेलीय, येईल आता," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि चहा मागितला.